मोठ्या कंपनीसाठी एसओपी आणि प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

डेमोत सगळीच सॉफ्टवेअर छान दिसतात. विक्रेत्याचा माणूस चार ठिकाणी क्लिक करतो आणि दोन मिनिटांत सचित्र एसओपी (काम कसे करायचे ते पायरीपायरीने सांगणारा दस्तऐवज) तयार होते. पण एसओपी पहिल्यांदा लिहायची असते एकदाच, बदलत राहावी लागते वर्षानुवर्षे. प्रक्रिया बदलली त्या दिवशी जुनी एसओपी बाद होते का, नवी पद्धत नेमक्या माणसांपर्यंत पोहोचते का आणि ती पोहोचल्याचा पुरावा राहतो का, यावर निवड ठरवावी.

१. आधी दहा प्रक्रिया निवडा

विक्रेत्यांना बोलावण्यापूर्वी स्वतःच्या दहा प्रक्रिया कागदावर उतरवा. त्यांत तिन्ही प्रकार हवेत: फक्त संगणकावर होणारे काम (पुरवठादाराचे बिल नोंदवणे), हाताने करायचे काम (यंत्राची साफसफाई) आणि अनेक विभागांतून फिरणारे काम (नवा कर्मचारी रुजू करून घेणे). प्रत्येकीपुढे पाच गोष्टी लिहा: काम कोण करते, किती जण करतात, त्यांच्या हाताशी कोणते उपकरण असते, गेल्या वर्षात पद्धत किती वेळा बदलली आणि मंजुरी कोण देते. यातला ‘किती वेळा बदलली’ हा रकाना भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण बहुतेक ठिकाणी त्याची नोंदच नसते.

२. कोणत्या जातीचे सॉफ्टवेअर हवे ते ठरवा

एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, आवृत्त्या आणि मंजुऱ्या सांभाळणारी दस्तऐवज नियंत्रण प्रणाली. दुसरी, क्लिक टिपून स्क्रीनशॉटसह पायऱ्या बनवणारा रेकॉर्डर. तिसरी, काम चालू असतानाच स्क्रीनवर फुगे दाखवून ‘आता इथे दाबा’ सांगणारी प्रणाली. चौथी, एलएमएस, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि हजेरी सांभाळणारी प्रशिक्षण प्रणाली.

रेकॉर्डर घेताना एक जागा जपायची. स्क्रीनशॉटमध्ये ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक, पगाराचा आकडाही टिपला जातो. धूसर करण्याची सोय आहे का, एवढे विचारून भागत नाही. धूसर न केलेले मूळ चित्र सर्व्हरवर राहते का, तेही विचारा. फुग्यांचे दुखणे वेगळे. ते पानावरच्या बटणांच्या अंतर्गत खुणांना बांधलेले असतात. मूळ अॅप अपडेट झाले, खूण बदलली की फुगा गायब होतो किंवा भलत्याच रकान्याकडे बोट दाखवतो. ते दुरुस्त करायला कायमचा माणूस लागतो, आणि खर्चाच्या अंदाजात तो कधीच धरलेला नसतो.

हातकाम जास्त असेल तर रेकॉर्डर आणि फुगे दोन्ही कुचकामी. मोबाइलवर फोटो आणि छोटा व्हिडिओ सहज जोडता येणारी प्रणाली बघा. विभागांतून फिरणाऱ्या प्रक्रियांचे आराखडे काढायचे असतील तर बीपीएमएन २.० या मानक रूपात फाइल बाहेर काढता आली पाहिजे. हे मानक २०११ मध्ये आले आणि २०१३ मध्ये आयएसओनेही स्वीकारले, त्यामुळे असा आराखडा दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेण्याची वाट उघडी राहते.

३. अपात्रतेच्या अटी मोजक्याच ठेवा

दोनशे ओळींची एक्सेल पाठवली तर प्रत्येक विक्रेता प्रत्येक ओळीपुढे ‘हो’ लिहून पाठवतो. सात-आठच अटी ठेवा आणि उत्तराला तीनच पर्याय द्या: आज आहे, जादा पैशांत मिळेल, नाही. ‘आज आहे’ म्हणणाऱ्याने ते समोर चालवून दाखवायचे.

या अटींत दोन गोष्टी हव्यातच: कंपनीच्या नेहमीच्याच लॉगिनने प्रवेश (एसएएमएल २.० किंवा ओपनआयडी कनेक्ट) आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी आपोआप अद्ययावत होणे (एससीआयएम). दुसरी अट करूनच बघा. चाचणीच्या नोंदींत एखाद्याची भांडारातून लेखा विभागात बदली करा. त्याचा गट आपोआप बदलला का? लेखा विभागाचे प्रशिक्षण त्याच्या नावावर चढले का? भांडारातली जुनी प्रशिक्षणे पूर्ण केल्याची नोंद शाबूत राहिली का? शेवटचा प्रश्न बऱ्याच प्रणालींना अडवतो.

आयएसओ ९००१:२०१५ घेतलेल्या कंपनीने कलम ७.५ शेजारी ठेवून बघावे. दस्तऐवज नियंत्रणाच्या अपेक्षा तिथे आहेत. अमेरिकेच्या औषध नियमनाखाली येणाऱ्यांना २१ सीएफआर भाग ११ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक सही आणि ऑडिट ट्रेल (कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद) लागते. ती नंतर जोडू म्हणून चालत नाही.

४. बदलाची परीक्षा घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. २५ पायऱ्यांची एक एसओपी घ्या आणि विक्रेत्यासमोर तिची सातवी पायरी बदला. मग बघा:

- मंजुरी देणारा रजेवर असेल तर फाइल अडकते की पर्यायी माणसाकडे जाते?
- मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी ठेवता येते का? प्रशिक्षण या दोन तारखांच्या मधल्या दिवसांतच उरकायचे असते. दोन्ही तारखा एकच असतील तर सकाळी मंजूर झालेली पद्धत दुपारच्या पाळीला कुणालाच ठाऊक नसते.
- ईमेलमध्ये कुणी जतन केलेली जुनी लिंक उघडली की काय दिसते? नवी आवृत्ती किंवा ‘रद्द’चा ठळक शिक्का दिसायला हवा.
- तीच पायरी आणखी बारा दस्तऐवजांत असेल तर एका जागी बदलून सगळीकडे बदलते का?

आता त्याच एसओपीतली नुसती एक वेलांटी दुरुस्त करा. किरकोळ आणि मोठा बदल यांत फरक न करणारी प्रणाली त्या वेलांटीसाठी आठ हजार लोकांना पुन्हा प्रशिक्षणाला बसवते. असे दोनदा झाले की लोक न वाचताच ‘वाचले’ दाबू लागतात, आणि ती सवय मोडत नाही.

५. प्रशिक्षणाची बाजू

आधीपासून एलएमएस असेल तर नवे सॉफ्टवेअर त्याला अभ्यासक्रम कोणत्या रूपात देते ते विचारा. स्कॉर्म हे अभ्यासक्रम एलएमएसमध्ये चालवण्याचे मानक रूप; त्याची १.२ आवृत्ती जुनी असली तरी जवळपास सगळीकडे चालते. तिची एक मर्यादा मात्र नडते: विद्यार्थी कुठवर आला ही खूण साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. लांबलचक अभ्यासक्रमात ती भरली की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानावर. म्हणून अभ्यासक्रमाचे छोटे तुकडे करा किंवा स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती वापरा. तिथे ही मर्यादा ६४,००० आहे.

‘वाचले व समजले’ ही टिकखूण एकटी पुरत नाही. संगणकावरच्या कामाला तीन ते पाच प्रश्न जोडा. हातकामाला पर्यवेक्षकाने काम प्रत्यक्ष बघून जागेवरच मोबाइलवर सही करण्याची सोय हवी. ज्यांना कंपनीचा ईमेलच नाही आणि जे पाचजणांत एक संगणक वापरतात, त्यांचे लॉगिन कसे होणार, हे करारापूर्वी ठरवा.

६. पैसे

लिहिणारे, मंजुरी देणारे आणि नुसते वाचणारे यांचे दर वेगळे आहेत का ते बघा. पाच वर्षांची बेरीज मांडा आणि जुन्या वर्ड फाइली आत आणण्याचे मनुष्य-दिवस त्यात धरा. सगळ्या फाइली आणू मात्र नका. ज्या एसओपीचा आज धनी कोण हेच ठरत नाही, ती मागेच ठेवलेली बरी.

७. सहा आठवड्यांचा पायलट

पायलट म्हणजे खरेदीपूर्वीची छोटी चाचणी: दोन विभाग, तीस-चाळीस माणसे, सुरुवातीच्या यादीतल्या तीन प्रक्रिया. मांडणी तुमच्या लोकांनी करायची. विक्रेत्याच्या माणसाने करून दिली तर पुढे ती तुम्हाला जमेल का, हे कळतच नाही. तीन गोष्टी मोजा: बदल मंजूर झाल्यापासून शेवटच्या माणसाचे प्रशिक्षण होईपर्यंत किती दिवस गेले, कामगारांच्याच बोलीत लिहिलेल्या दहा प्रश्नांपैकी किती प्रश्नांना पहिल्या तीन निकालांत योग्य एसओपी सापडली, आणि नवख्या माणसाने कुणाला न विचारता काम कुठवर नेले.

सही करण्यापूर्वी पायलटमधला सगळा डेटा बाहेर काढून घ्या. ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर तो उघडा. चित्रे जागच्या जागी आहेत का, जुन्या आवृत्त्या आल्या का, मंजुऱ्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदी तक्त्यात मिळाल्या की नुसत्या पीडीएफमध्ये, ते बघा. पीडीएफच मिळाले असेल तर तक्त्याच्या रूपातला डेटा किती दिवसांत आणि किती खर्चात देणार, हे करारात लिहून घ्या.