चामडी तळाला रबर लावताना या चुका टाळा

बुटाच्या चामडी तळाच्या पुढच्या अर्ध्या भागाला रबराचा हाफ सोल लावून पंधरा दिवस झाले नाहीत तोच पुढून तोंड उघडलं, की बहुतेक जण सोल्युशनला, म्हणजे चिकटवायच्या गोंदाला, दोष देतात. मग त्याच फटीत पुन्हा सोल्युशन भरायचं, वरून दोन खिळे ठोकायचे आणि महिनाभराने तोच सोल पुन्हा सुटलेला पाहायचा. सोल्युशन खराब निघण्याचे प्रसंग फार कमी. चूक बहुधा डबा उघडण्याआधीच झालेली असते, आणि ती कोणती हे सुटलेल्या सोलवर दिसतं. म्हणून पुन्हा चिकटवण्याआधी तो पूर्ण ओढून काढा आणि उजेडात दोन्ही बाजू बघा.

सुटलेला सोल काय सांगतो

सगळं सोल्युशन चामड्यावर राहिलंय आणि रबर कोरं करकरीत आहे? म्हणजे रबर घासलंच नव्हतं. रबराची शीट साच्यातून सहज सुटावी म्हणून तिच्यावर मेणासारखा किंवा सिलिकॉनचा थर असतो, शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पावडरही मारलेली असते. सोल्युशन त्या थराला चिकटतं, रबराला नाही.

उलट, सगळं सोल्युशन रबराबरोबर निघून आलं आणि चामडं कोरडं राहिलं, तर दोष चामड्याच्या बाजूचा : धूळ, पॉलिश, मेण, तेल किंवा ओल.

रबराबरोबर चामड्याचा पातळ, चकचकीत पापुद्रा आला असेल तर घासणं वरवरचं झालं. कारखान्यात तळाला शेवटचा हात म्हणून जो रंग-मेणाचा लेप देतात तेवढाच निघाला, खालचे तंतू उघडे झालेच नव्हते. पापुद्र्याऐवजी जाड, भुसभुशीत तंतू हातात आले तर मात्र चामडंच मेलेलं आहे. तिथे कोणतंही सोल्युशन टिकणार नाही, तळ बदलावा लागेल.

दोन्ही बाजूंना सोल्युशन आहे, पण गुळगुळीत आणि चमकदार? उशिरा जोडलं किंवा नीट ठोकलं नाही. सोल्युशन च्युइंगगमसारखं मऊ आणि तार धरणारं असेल तर फार लवकर जोडलं. आतलं द्रावक उडायच्या आत वरून रबराचं झाकण बसलं, आता ते बाहेर जायला वाटच नाही.

घासण्यात केलेली कंजुषी

चामड्यासाठी ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. चकाकी पूर्ण जाऊन पृष्ठभाग मखमलीसारखा, एकसारखा फिका दिसेपर्यंत घासा. कडेचा १ सेंमी पट्टा सर्वांत नीट घासायला हवा, कारण सोल नेहमी कडेकडूनच सुटायला लागतो. गंमत म्हणजे हात घाईत मधेच जास्त चालतो. तळावर उघडी शिवण असेल तर दोऱ्यावरून पेपर जोरात फिरवू नका, दोरा तुटला की तळ आणि वेल्ट (तळ वरच्या चामड्याला जोडणारी कडेची पट्टी) सुटे होतील. रबरही चिकटणाऱ्या बाजूने तितकंच खरखरीत करा.

नंतर कोरड्या ब्रशने धूळ झटका. ओलं फडकं नको. घासलेलं चामडं पाणी लगेच पितं.

तेलकट तळ हा वेगळा विषय आहे. थिनरच्या फडक्याने वरचं तेल निघतं, पण आत मुरलेलं काही दिवसांत परत वर येतं. असा तळ पुसून, वाळवून, दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा तपासावा. टिश्यू पेपर दाबल्यावर डाग उमटला तर अजून थांबा.

सोल्युशनचा हात आणि घड्याळ

चामडं आणि रबर यांच्यासाठी निओप्रिन या कृत्रिम रबराचं, म्हणजे पिवळसर दिसणारं काँटॅक्ट सोल्युशन योग्य. फेविकॉल एसआर ९९८ याच जातीचं. पुढच्या भागाच्या एका जोडीला साधारण २५ मिली पुरतं. फेविक्विकसारखा झटपट गोंद इथे वापरूच नका. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, पाऊल वाकतं तिथे तडकतो आणि चामड्यात असा मुरतो की पुढच्या वेळी योग्य सोल्युशनही लागत नाही. पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) तयार सोल लावायचा असेल तर पीयू सोल्युशन लागतं, टीपीआरला त्याआधी प्रायमरही.

एकच जाड थर देणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. जाड थराला वरून साय धरते आणि आत ओलावा राहतो. दोन्ही पृष्ठभागांना एक पातळ हात द्या, १५ ते २० मिनिटं थांबा. चामडं हा हात पिऊन टाकतं, त्यामुळे दुसरा हात हवाच. त्यानंतर १० ते १५ मिनिटं. बोटाचं मागचं पेर टेकवून बघा : चिकट लागलं पाहिजे, पण बोटाबरोबर तार येता कामा नये. तासभर विसरून गेलात तर नवा थर चढवण्याआधी हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं गरम करून पाहा, वाळलेला थर पुन्हा जागा होतो. ड्रायर द्रावक उडून गेल्यावरच चालू करा. ही वाफ पेटते, म्हणून गॅस, उदबत्ती आणि सिगारेट दूर, खिडक्या उघड्या.

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हे काम बिघडतं ते हवेमुळे. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, थर पांढुरका, धुरकट दिसायला लागतो. तसाच जोडलात तर सोल सुटणार. कोमट हवेने तो पारदर्शक होऊ द्या, मगच जोडा. आणि बूट भिजलेला असेल तर आधी आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ४८ तास. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवलेला तळ वाकडा होतो आणि भेगाळतो. खरं तर हे काम मे महिन्यातच उरकावं.

जोडताना आणि ठोकताना

काँटॅक्ट सोल्युशनचे दोन थर एकमेकांना लागले की सरकवता येत नाहीत. म्हणून रबर सर्व बाजूंनी ३-४ मिमी मोठं कापा, मधे वर्तमानपत्राचा कागद धरा, बुटाच्या नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, सुरुवात करा आणि कागद मागे सरकवत दाबत या. रबर ताणून लावू नका. ताणलेलं रबर आपल्या मापाला परत येऊ बघतं आणि दोन्ही टोकांना सतत ओढत राहतं. चालताना टाच उचलली जाते तेव्हा तळाची बाहेरची बाजू आधीच ताणली जाते, त्यात ही भर नको. लावताना बूट पुढून किंचित वर वाकवून धरला तर पुढचा ताण कमी होतो.

नंतर हातोडी. या सोल्युशनची पकड किती वेळ दाबून ठेवलं यापेक्षा किती जोरात दाबलं यावर ठरते. आत लोखंडी ऐरण किंवा घट्ट बसणारा लाकडी ठोकळा हवा. रिकाम्या बुटावर हातोडी मारली तर बूट नुसता उसळतो. मधून कडेकडे ठोकत जा, कडेला एकही बोटभर जागा सोडू नका. नाकाची वळणदार कड सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून रात्रभर बांधून ठेवा. २४ तास बूट घालू नका. जास्तीचं रबर धारदार रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) कापा आणि कड पेपरने वेल्टला सपाट करा. बाहेर आलेलं रबर दाराच्या उंबऱ्याला, जिन्याच्या पायरीला अडकतं आणि तिथूनच सोल उचलला जातो. वाळलेलं सोल्युशन बोटाने चोळलं की गोळ्या होऊन निघतं, त्यासाठी वरच्या चामड्यावर थिनर ओतायची गरज नाही.

मागची रेघ चुकीच्या जागी

हाफ सोलची मागची कड पाऊल वाकतं त्या रेषेवर आली तर ती हमखास उघडते. तळ जिथे सर्वांत रुंद असतो तिथून ३ सेंमीच्या आसपास मागे, तळाच्या कमरेचा, म्हणजे मधला अरुंद भाग सुरू होतो तिथे ती असावी. शिवाय रबराची ही कड १ सेंमी रुंदीत रापीने तासून कागदाइतकी पातळ करावी लागते. घाईत केलेल्या कामात ही तासणी दिसतच नाही : दोन मिलिमीटरची उभी पायरी, तिच्यात खडे, माती, मग पाणी. काम देण्याआधी कारागिराला तासणीबद्दल विचारा, उत्तरावरून बरंच कळतं.

जाडीचंही तसंच. नव्या चामडी तळावर संरक्षणापुरता १ ते २ मिमी सोल पुरतो. पुढे ३ मिमीपेक्षा जास्त चढवलं तर टाचेलाही तेवढीच भर घाला, नाहीतर बुटाचा तोल मागे जातो. वरून कडक निओलाइट (कृत्रिम रबराची शीट) जास्त टिकतं, पण ओल्या लादीवर आणि रेल्वे पुलाच्या गुळगुळीत पायऱ्यांवर घसरतं. पावसाळ्यासाठी मऊ, खाचा असलेलं रबर घ्या.

खिळे आणि कडेची शिलाई

लोखंडी खिळा पाण्याने गंजतो. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की काळा डाग पडतो आणि खिळ्याभोवतीचं चामडं कुजतं. वेल्ट असलेल्या बुटाला वेल्टमधून शिलाई चालते. जिथे वेल्ट नाही, शिवण थेट आतल्या तळातून गेलेली आहे, तिथे वरच्या चामड्यातून कडेने शिलाई मारून घेणं म्हणजे ते चामडं भोकं पाडून फुकट घालवणं. अशा बुटाला शिवणीच्या भोकांतून पाणी आत येतं, म्हणून त्याला चिकटवलेल्या रबराचा फायदा सर्वांत जास्त.

कोल्हापुरीला लावताना

कोल्हापुरीचा तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो आणि ती वादी जमिनीला घासते. ती झिजली की थर सुटतात, त्यामुळे रबर लावणं शहाणपणाचंच. पण इथे तीन गोष्टी नेहमी बिघडतात. पहिली म्हणजे तेल. नवी चप्पल मऊ पडावी म्हणून लोक ती सबंध तेलात न्हाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी रबर लावायला नेतात. तेल द्यायचंच तर पट्टा, अंगठा आणि कान (पट्टा तळाला जोडणारे बाजूचे तुकडे) यांना द्या, तळ कोरडा ठेवा.

दुसरी, टायरचं रबर. ६-८ मिमी जाड तुकडा लावला की चप्पल जड होते, वाकत नाही आणि सगळा ताण कानांच्या सांध्यावर येतो. टायरच्या आतले धागे कडेने बाहेर येतात ते वेगळंच. इथे २-३ मिमीची खरखरीत रबर शीट, टाचेसह पूर्ण लांबीची, बरी. अर्धा सोल लावला तर पातळ तळाची चप्पल मधेच मोडल्यासारखी वाकते. तिसरी, घाई : आधी आठवडाभर कोरड्या जमिनीवर वापरून तळ पायाच्या आकाराला बसू द्या. वादीचे टाके वर आलेले असतात, ते पेपरने घासू नका. त्यांच्या भोवती घासा आणि टाक्यांवर सोल्युशनचा एक हात जास्त द्या.

जेव्हा रबर लावूच नये

तळाच्या मधोमध अंगठा जोरात दाबा. चामडं आत गेलं तर आतला कॉर्कचा भराव आणि तळ दोन्ही संपत आलेत. त्यावर रबर म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. भोक पडलेल्या तळाचंही तेच, आधी चामड्याचा नवा अर्धा तळ. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांचा पीयू सोल दमट हवेने आतून तुटत जातो. नख रुतलं आणि भुगा निघाला तर त्यावर काहीही चिकटणार नाही, तो सोल अख्खा काढावा लागेल.

आणि पहिल्या आठवड्यात नाकाची कड रोज अंगठ्याने चाचपून बघा. सेंटिमीटरभर उघडली तर माती आत जाण्याआधीच बूट बाजूला ठेवा. ब्रशने साफ करून काडीने दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, काडीचा तुकडा अडकवून फट १५ मिनिटं उघडी ठेवा, मग काडी काढून ठोका आणि ट्यूबने बांधा.