सोशल सिक्युरिटीची थकबाकी आली, तरी लगेच खर्च करू नका

अमेरिकेत नोकरीबरोबर मिळालेल्या लाँग टर्म डिसॅबिलिटी विम्याचे (तब्येतीमुळे दीर्घकाळ काम सुटलं तर मिळणारे) पैसे सुरू झाले की थोड्याच दिवसांत विमा कंपनीचं पत्र येतं: सोशल सिक्युरिटी या सरकारी संस्थेकडे एसएसडीआयसाठी, म्हणजे काम करता येत नसेल तर मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज करा. यात तुमच्या काळजीपेक्षा कंपनीचा हिशेब जास्त असतो. पगाराच्या साधारण ६० टक्के रक्कम देण्याचं तिने कबूल केलेलं असतं, आणि सरकारकडून मिळेल ते त्यातून वजा होतं.

तरी अर्ज टाळू नका. बहुतेक पॉलिसींत तशी अटच असते. अर्ज केला नाही तर कंपनी अंदाजाने एक आकडा धरून तेवढे पैसे कापू लागते. शिवाय एसएसडीआयचा हक्क सुरू होऊन २४ महिने झाले की मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, तो विमा कंपनी देणार नाही.

आधी सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर आपली क्रेडिट, म्हणजे कर भरून केलेल्या कामाबद्दल जमा झालेले गुण, तपासा. वयाच्या एकतिशीनंतर साधारणपणे गेल्या १० वर्षांतली २० क्रेडिट, म्हणजे ५ वर्षांचं काम लागतं. बेचाळिशीनंतर एकूण क्रेडिटची अट वाढत जाते. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे पुण्यात किंवा ठाण्यात केलेल्या नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत.

तारखांचं गणित असं. तब्येतीमुळे काम १० मार्चला सुटलं, तर एप्रिल ते ऑगस्ट हे पाच पूर्ण महिने कोरडे जातात आणि हक्क सप्टेंबरपासून सुरू होतो. अर्जाला उशीर केलात तर अर्जाच्या तारखेमागचे जास्तीत जास्त १२ महिनेच मिळतात. काम सुटल्याची तारीख विमा कंपनीच्या आणि सरकारच्या अर्जात एकच लिहा. दोन तारखा दिसल्या की दोन्हीकडे शंका घेतली जाते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रोजच्या हालचालींच्या फॉर्ममध्ये, एसएसए-३३७३ मध्ये. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नाला आपली माणसं सवयीने ‘हो’ लिहून मोकळी होतात. त्याऐवजी असं लिहा: ‘कुकर लावण्यापुरती दहा मिनिटं उभी राहते, मग अर्धा तास पडावं लागतं, भाजी नवरा चिरतो.’ खोटं काही लिहायचं नाही, पण सहन करायची सवय या फॉर्मवर महाग पडते. भारतात उपचार झाले असतील तर डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट स्वतः मागवून जोडा. ते कोणी तुमच्यासाठी आणून देईल या भरवशावर राहू नका.

पहिल्या निर्णयालाच सहा-आठ महिने लागतात, आणि बहुतेक अर्ज तिथे नाकारले जातात. नकाराविरुद्ध ६० दिवसांत अपील करा. नवा अर्ज करून पुन्हा सुरुवात करू नका, त्यात जुनी अर्जाची तारीख जाते आणि तिच्यासोबत थकबाकीही, म्हणजे मंजुरीनंतर एकदम मिळणारे मागच्या महिन्यांचे पैसे. वकील विमा कंपनीने सुचवला, तर त्याचे पैसे कोण देतं ते विचारा. तुम्ही स्वतःचा वकीलही नेमू शकता.

या काळात कंपनी परतफेडीचा करार पाठवते: आत्ता पूर्ण रक्कम घ्या, सरकारचे पैसे आले की परत करा. सही करायला हरकत नाही, पण पुढचा हिशेब समजून करा. पगार महिना ८,००० डॉलर, विमा ४,८००. हक्क सुरू झाल्यावर दीड वर्षाने एसएसडीआय महिना २,६०० मंजूर झालं, तर थकबाकी ४६,८००. वकिलाची फी थकबाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर (२०२४ अखेरीस ठरलेली मर्यादा), यांतली कमी असेल ती. म्हणजे इथे ९,२००. सोशल सिक्युरिटी ती परस्पर कापते, तुमच्या खात्यात ३७,६०० येतात. फी कापल्याचं पत्र विमा कंपनीला पाठवलं नाही, तर ती ४६,८०० मागेल. बऱ्याच पॉलिसींत ही फी वजा करायची सोय असते, पण ती मागावी लागते. मुलांच्या नावाने सोशल सिक्युरिटीचे पैसे मिळाले असतील तर तेही वजा होतात का, हे पॉलिसीत पाहा.

एवढी रक्कम एकदम खात्यात दिसली की घरातली अडलेली कामं आठवतात. त्यात ती खर्च झाली, तर कंपनी तुमचे दरमहाचे २,२०० (४,८०० वजा २,६००) अडवून वसूल करते; इथल्या आकड्यांत जवळपास १७ महिने.

दुसरा धोका २४ महिन्यांच्या आसपास असतो. तोवर ‘स्वतःचं काम जमत नाही’ एवढं पुरतं; पुढे बहुतेक पॉलिसी ‘कुठलंच काम जमत नाही’ हे मागतात. एसएसडीआय मंजूर आहे म्हणून विमा चालूच राहील असं नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मेटलाइफ या विमा कंपनीच्या खटल्यात हेच घडलं होतं: सोशल सिक्युरिटीकडे जायला कंपनीने लावलं, मिळालेल्या पैशांचा मोठा वाटा घेतला आणि नंतर ‘तुम्ही काम करू शकता’ म्हणून विमा नाकारला. न्यायालयाने ही विसंगती कंपनीच्या विरोधात धरली.

विमा कंपनीचं नकाराचं पत्र आलं तर तिच्याकडे अपिलाला १८० दिवस मिळतात. सोशल सिक्युरिटीच्या निकालपत्राची पूर्ण प्रत, डॉक्टरांची पत्रं, तपासण्या सगळं त्याच मुदतीत फाइलमध्ये घाला आणि पोच ठेवा. पुढे कोर्टात बहुतेक वेळा हीच फाइल पाहिली जाते, नवा कागद घेतला जात नाही.