तिसरीच्या वर्गात सध्या काय शिकवतायत ते घरी कसं समजून घ्यायचं

मार्च-एप्रिल आला की बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, मुलं दुपारी लवकर घरी येतात आणि आपण विचारतो "आज काय शिकवलं?" आणि उत्तर येतं "काही नाही". माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यम, आणि मी सहा महिने हाच प्रश्न विचारत होते. आता विचारत नाही. हा प्रश्न मुलांना खरंच अवघड जातो कारण दिवसभरात काय काय झालं त्याचं सार काढून सांगायचं म्हणजे मोठ्या माणसालाही विचार करावा लागतो. त्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसा आणि तिला करू द्या, आपण फक्त बघा. कुठे अडतंय ते लगेच कळतं. एप्रिलमध्ये संकलित दोन, म्हणजे वर्षाअखेरची परीक्षा असते, पण त्यासाठी नका करू, पुढच्या वर्षी चौथीत हेच सगळं पाया म्हणून लागणार आहे म्हणून करा.

सगळ्यात आधी वही घ्या, पुस्तक नको. पुस्तकात काय छापलंय ते आपल्याला दिसतं, वहीत मुलाला काय समजलंय ते दिसतं. आणि नुसतं चूक की बरोबर बघू नका, चूक कशी झाली ते बघा.

उदाहरण देते. ४०२ वजा १५८. माझ्या लेकीचं उत्तर होतं ३५६. पहिल्यांदा मी पण "अगं नीट लक्ष दे" म्हटलं, पण मग शांतपणे बघितलं तर तिने लक्ष देऊनच केलं होतं: आठातून दोन गेले सहा, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. खूप मुलं हेच करतात, विशेषतः मधे शून्य आलं की. अशा वेळी परत परत "शेजारून उसना घे" सांगून काही होत नाही. ती तर मला म्हणाली, "उसना घेतला तर परत कधी द्यायचा?" आणि तिचं बरोबरच आहे ना, उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं हे आपणच शिकवलंय.

तर असं करा. खेळातल्या नोटा घ्या, नसतील तर कागदाच्या कापा. शंभराच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी मुलासमोर ठेवा, आणि म्हणा मी दुकानदार, मला १५८ रुपये दे, पण माझ्याकडे परत द्यायला काही नाही. आता त्याला आठ रुपये सुटे द्यायचेत आणि हातात दोनच आहेत. दहाची नोट मोडावी तर दहाची एकही नाही. इथे थांबा. अजिबात बोलू नका, मला हेच सगळ्यात जड गेलं. बहुतेक मुलं थोड्या वेळाने स्वतःच म्हणतात की शंभरचे सुटे करू. मग शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा, त्यातल्या एका दहाचे दहा रुपये. आता हातात काय आहे ते मोजायला सांगा: शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, आणि बारा रुपये. हे अजूनही ४०२च आहेत, हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. त्यानंतर १५८ दिले की उरले २४४. एवढं झालं की तेच वहीत मांडा, शून्याच्या डोक्यावर ९ कुठून आला ते आता तिला माहीत आहे. वर्गातही बाई दशक "सुटा करायचा" असंच म्हणतात, मग घरी पण तोच शब्द वापरा, घरी एक आणि शाळेत दुसरा असं नको. आणि दिवसाला दोनच गणितं, वीस नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे संख्यांची नावं. आपल्याला वाटतं तिसरीत हे झालेलं असतं, पण सहज "एकोणचाळीस लिही" म्हणून बघा, ४९ लिहिणारी मुलं भेटतील, कारण कानाला चाळीस ऐकू येतं ना. एकोण म्हणजे एक कमी हे एकदा सांगितलं की एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास सगळी एका दोरीत येतात, फक्त नव्याण्णव तेवढं वेगळं. तसंच त्रेसष्ट. बोलताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी, म्हणून ३६ होतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला "साठ तीन" असंही वाचायला दिलं तेव्हा केवढी टीका झाली होती, पण गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना ही जोडाक्षरं अवघड जातात हेच कारण दिलं होतं आणि मुलांसोबत रोज बसायला लागल्यापासून मला ते पटतं. माझं मत असं की दोन्ही येऊ द्यावं, समजायला साठ तीन, बोलायला त्रेसष्ट.

पाव, अर्धा, पाऊण पण सध्या चालू आहे आणि घड्याळ पण. इथे मराठीची मजा आहे ती घ्या. भाकरीचे चार तुकडे करून पाऊण भाकरी वाढ म्हणा. मग पावणेतीन वाजले म्हणजे तिनाला पाव तास कमी, हे कळलं की पावणेतीनशे म्हणजे २७५ आणि सव्वादोनशे म्हणजे २२५ हेही येतं. बाजारात भाजीवाल्या मावशींकडे पाव किलो मिरची त्यालाच मागू द्या, काट्यावर २५० ग्रॅम दिसलं की आपोआप नातं जुळतं.

आता वाचन. लहान मुलांना नीट वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. त्यामुळे काही पालक मोबाईलवर टायमर लावून बसतात. कृपया नका करू असं, मूल घाबरतं आणि शब्द गिळायला लागतं. आधी न वाचलेला एखादा सोपा परिच्छेद द्या, वाचून झाला की पुस्तक मिटून "काय झालं त्यात?" एवढंच विचारा. सांगता आलं तर वेग येईल मागून.

अडतं कुठे ते मात्र टिपून ठेवा, आणि नव्वद टक्के वेळा ते जोडाक्षरावर अडतं, त्यातही र. चक्र, ट्रक, सूर्य, सुऱ्या, एकच र पण चार वेषांत. यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली जोडी म्हणजे आचार्यांना आणि आचाऱ्यांना. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाक करणारे. दोन चिठ्ठ्यांवर लिहा, मोठ्याने वाचायला लावा, आचार्यांना म्हणताना "चा"वर जोर येतो, आचाऱ्यांना म्हणताना येत नाही, हे मुलांचा कान बरोबर पकडतो. मग "आचाऱ्यांना विचारलं, भाजी झाली का?" अशी वाक्यं तीच करतात. दर्या आणि दऱ्या पण घ्या, एक समुद्र, एक डोंगरातल्या.

परिसर अभ्यासाला तर घर सोडून बाहेरच पडा, ऊन उतरल्यावर. जिल्ह्याचा नकाशा पाठ असतो पण समोरचं झाड माहीत नसतं असं नको व्हायला. याच दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर पानं झडलेली असताना फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी येते, आंब्याच्या मोहोराच्या कैऱ्या होतात. एकच झाड निवडा आणि दर रविवारी त्याचं चित्र काढायचं, खाली तारीख आणि दोन ओळी. आमचं रस्त्यापलीकडचं पिंपळाचं आहे. पहिल्या रविवारी तिने लिहिलं "पाने लाल आहेत". तिसऱ्या रविवारी लिहिलं "पाने पोपटी झाली, खालची आधी, कोकिळ ओरडत होता, दिसला नाही". कुहूकुहू करणारा नर असतो, काळा, आणि मादी ठिपक्यांची, हे तिला बाईंनी सांगितलेलं, म्हणून तिने "ओरडत होता" लिहिलं. मी तर ओरडत होती लिहिलं असतं.

शेवटी बाईंना किंवा सरांना भेटा, पण "कशी आहे अभ्यासात?" असं विचारू नका, वर्गात चाळीस मुलं असतात, ते काय सांगणार. "मधे शून्य असलं की वजाबाकी चुकते, घरी नोटांनी घेतलं, आता वर्गात जमतंय का?" असं विचारा. आमच्या बाईंनी लगेच वही काढून दाखवली.