कॉम्प्युटर सायन्स शिकवताना या चुका टाळा

प्रोग्राम चालतो, आउटपुट बरोबर येतं, मार्क मिळतात. आठवड्याने त्याच मुलीला तिच्याच प्रोग्राममधली एक ओळ दाखवून ‘ही काढली तर काय होईल?’ असं विचारलं की ती गप्प. हायस्कूलमध्ये हा विषय शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. वर्गातल्या बहुतेक चुकांचं मूळ माझ्या मते एकच आहे: आपलं सगळं लक्ष स्क्रीनवर असतं आणि मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते तपासायचं राहून जातं. स्क्रीनवर बरोबर उत्तर आणायचे मार्ग पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचं बघून येतं, फळ्यावरचं उतरवून येतं, चिन्हं उलटसुलट करत बसलं तरी कधीतरी येतं.

वाचायला शिकवण्याआधीच लिहायला लावणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) कसा लिहायचा ते फळ्यावर दाखवायचं आणि लगेच ‘आता तुम्ही पाढा छापा’ म्हणायचं. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत, प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स केलेल्या विद्यार्थ्यांची एक सामाईक चाचणी घेतली. सरासरी ११० पैकी २३ सुद्धा आली नाही. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर यांच्या गटाने उलट बाजूने तपासलं: तयार कोड द्यायचा आणि तो काय करतो एवढंच विचारायचं. तिथेही बरीच मुलं अडखळली. म्हणजे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यातल्या अनेकांना धड वाचताही येत नव्हतं. हायस्कूलमध्ये तर वय लहान आणि तासही कमी, त्यामुळे याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

उपाय साधा आहे, पण त्यासाठी धीर लागतो. आधी पाच-सात ओळींचा चालणारा प्रोग्राम द्या. तो चालवायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: आउटपुट काय येईल? मग चालवायचा. अंदाज चुकला तर का चुकला, हे शेजाऱ्याला सांगायचं. त्यानंतर त्याच प्रोग्राममध्ये छोटे बदल करायचे आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहायचा. स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच क्रमाची एक पद्धत बांधली आहे आणि ती शाळांत वापरली जाते. यातला ‘वहीत लिहायचं’ हा भाग गाळू नका. तोंडी विचारलं की दोन हुशार मुलं उत्तर देतात आणि बाकीची मान डोलावतात.

‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ म्हणून पुढे जाणं

व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत साठवायला दिलेलं नाव. फळ्यावर तीन ओळी लिहा: अ = ५, मग ब = अ, मग अ = ७. आता ब किती? निम्मा वर्ग ‘सात’ म्हणाला तर आश्चर्य मानू नका. गणितात ब = अ म्हटलं की ते दोघं कायमचे सारखे, आणि मुलं तीच समजूत घेऊन इथे आलेली असतात. डब्याची उपमा सुरुवातीला उपयोगी पडते, पण तिचे दोन त्रास आहेत. डब्यात दोन वस्तू मावतात, तेव्हा जुना ५ आणि नवा ७ दोन्ही आत राहतात असं काहींना वाटतं. आणि डब्यातली वस्तू दुसरीकडे ठेवली की पहिला रिकामा होतो, म्हणून ब = अ नंतर अ मध्ये काहीच उरलं नाही असं काही जण ठामपणे सांगतात.

यावर कागदावरचा तक्ता हे माझ्या मते सगळ्यात खात्रीचं औषध आहे. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना द्यायचा, प्रत्येक ओळीनंतर नवी किंमत लिहायची आणि जुनी खोडायची. = हे चिन्ह ‘बरोबर’ असं न वाचता ‘अ मध्ये ७ ठेव’ असं मोठ्याने वाचायला लावा. अ = अ + १ या ओळीवर अडलेली मुलं बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतात.

याच जातीची आणखी एक समजूत आहे, तिच्याबद्दल शिक्षण-संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलंय: यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय आणि आपल्या मनातलं त्याला कळतं. व्हेरिएबलला ‘सर्वातमोठी’ नाव दिलं की त्यात आपोआप सर्वात मोठी संख्या येईल, असं मानणारी मुलं मंद नसतात. माणसांशी बोलताना जो नियम चालतो तोच ती इथे लावतात. अशा वेळी मुद्दाम चुकीची नावं असलेला प्रोग्राम द्या. ‘सर्वातमोठी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये सर्वात लहान संख्या बसलेली पाहिली की मुद्दा झटकन उतरतो.

फ्लोचार्टलाच विचार समजणं

अनेक वर्गांत कोड आधी होतो आणि फ्लोचार्ट, म्हणजे पायऱ्यांची आकृती, मागून, मार्कांसाठी. प्रश्न सोडवणं शिकवायचं तर मुलाने तो आधी हाताने, खऱ्या आकड्यांवर सोडवलेला हवा.

समजा सर्वात मोठी संख्या शोधायची आहे. यादी समोर ठेवली की मुलाला उत्तर एका नजरेत दिसतं, आणि म्हणूनच ‘पायऱ्या सांग’ म्हटलं की तो म्हणतो, ‘दिसतंच की!’ त्याला सगळं दिसतं, कॉम्प्युटरला एका वेळी एकच संख्या दिसते, आणि हा फरक बोलून कळत नाही. संख्या चिठ्ठ्यांवर लिहा, पालथ्या ठेवा आणि एका वेळी एकच उघडू द्या. दुसरी उघडली की पहिली पुन्हा पालथी. आता त्याला काहीतरी लक्षात ठेवावं लागतं. ‘काय लक्षात ठेवलंस?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्याचं व्हेरिएबल. ‘ते कधी बदललंस?’ याचं उत्तर म्हणजे त्याची अट. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवण्याचे असे खेळ १९९० च्या दशकापासून करत आले आहेत.

चिठ्ठ्यांचा खेळ झाला की कोड लिहू द्या. बरीच मुलं सुरुवातीला सर्वातमोठी = ० असं लिहितील. लगेच दुरुस्त करू नका. उणे ४, उणे ९, उणे २ हे आकडे द्या. उत्तर ० येईल, आणि शून्य तर यादीत कुठेच नाही! आता चिठ्ठ्यांकडे परत जा: पहिली चिठ्ठी उघडल्यावर काय लक्षात ठेवलं होतंस? तिथून ‘सुरुवात पहिल्या संख्येने करायची’ हे मूल स्वतःच म्हणतं. प्रोग्राम कशाने तपासायचा हे शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. रिकामी यादी, एकच संख्या, सगळ्या सारख्या, सगळ्या ऋण, अशा तपासण्या मुलांनीच सुचवायच्या.

‘सर, चालत नाही’ ऐकताच कीबोर्ड हातात घेणं

तीस मुलं हाका मारत असताना हा मोह आवरणं कठीण आहे, ते मान्य. पण आपण कंस टाकून पुढे गेलो की मूल एकच शिकतं: अडलं की हाक मारायची. हात मागे ठेवा आणि विचारा: काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठपर्यंत ठीक चाललं होतं?

एरर वाचायला वेगळा तास द्या. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एररची शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळीचा क्रमांक बघायचा, आणि त्या ओळीत काही सापडलं नाही तर वरची ओळ तपासायची. न मिटलेला कंस बऱ्याचदा तिथे असतो. एरर न येताच चुकीचं उत्तर येत असेल तर लूपच्या आत व्हेरिएबल छापून बघायची सवय लावा. कागदावरचा तक्ता आणि ही छापील यादी जिथे वेगळी होते, तिथे चूक.

पायथॉनमधल्या काही चुका हमखास भेटतात. ५ आणि ३ ची बेरीज ५३ येत असेल तर कीबोर्डवरून आलेलं इनपुट मजकूरच राहिलंय, त्याचा आकडा केलेला नाही. ‘अ बरोबर १ किंवा २’ ही अट बोलल्यासारखी जशीच्या तशी लिहिली की ती नेहमीच खरी ठरते, अ पुन्हा लिहावा लागतो. लूपला ओळीने आकडे पुरवणाऱ्या रेंजला १ आणि १० दिले तर लूप ९ वर थांबतो. प्रोग्राम थांबतच नसेल तर व्हाइलच्या (अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपच्या) अटीतलं व्हेरिएबल लूपच्या आत बदलतंय का, ते आधी बघा.

भाषेच्या वादात वेळ घालवणं

स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची भाषा) की मजकूर लिहून चालणारं पायथॉन, यावर शिक्षकांच्या खोलीत तासन्‌तास जातात. वरची एकही अडचण भाषा बदलून जात नाही. ब्लॉककडून मजकुराकडे नेताना तोच प्रोग्राम दोन्हींत शेजारी शेजारी दाखवा, एवढं पुरतं.

फक्त आउटपुटला मार्क देणं

आता एआयला विचारलं की चालणारा प्रोग्राम क्षणात मिळतो, त्यामुळे घरून आणलेल्या कोडवरून मुलाला काय येतं ते कळणं अशक्य आहे. बंदी घालून हे सुटेल असं मला वाटत नाही, प्रश्नच बदलावा लागेल. आणलेल्या कोडमधल्या कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून दोन मिनिटं विचारा: ही इथे का आहे, काढली तर काय होईल, आणि आता हा प्रोग्राम फक्त सम संख्यांसाठी चालव बघू. वर्ग मोठा असेल तर दर आठवड्याला काहीच मुलं घ्या, पण कोणाची पाळी येणार ते आधी सांगू नका.

लेखी परीक्षेसाठी डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला प्रकार फार कामाचा आहे. बरोबर प्रोग्रामच्या ओळी विस्कटून द्यायच्या, हव्या तर एक-दोन फसव्या ओळी मिसळायच्या, आणि मुलांनी क्रम लावायचा. यात स्पेलिंग आणि कंस आड येत नाहीत, आणि लूपच्या आतली ओळ बाहेर ठेवणारं मूल नेमकं कुठे चुकतंय ते तपासताना लगेच दिसतं. त्याच ओळीवरून पुढचा तास सुरू करता येतो.