कोचच्या हाती नारळ: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील हकालपट्टी आणि नेमणूक कशी समजून घ्यावी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकायला गेली की तिथला फुटबॉल संघ हळूहळू घरच्या बोलण्यात येऊ लागतो, आणि मग एखाद्या रविवारी बातमी येते की हंगाम अर्धाही झालेला नसताना मुख्य कोचला काढून टाकले असून त्याला घरी बसण्याचे चार-पाच कोटी डॉलर द्यावे लागणार आहेत. (हा फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळायचा अमेरिकी खेळ.) हरणाऱ्या माणसाला एवढे पैसे का, ते कोण देतो आणि त्याच्या जागी येणारा माणूस कोण निवडतो, हे समजून घ्यायचे असेल तर गुणतक्ता बाजूला ठेवून करार हाती घ्यावा लागतो. कोचला नारळ देण्याची किंमत तो रुजू होतो त्याच दिवशी ठरलेली असते. पराभव फक्त ती वसूल करायला लावतात.

करार वाचताना

राज्य सरकारच्या विद्यापीठातील कोच हा राज्याचा कर्मचारी असल्याने त्याचा करार बहुतेक ठिकाणी सार्वजनिक कागद असतो आणि स्थानिक वृत्तपत्रे तो मिळवून छापतात. नोत्र दाम किंवा सदर्न कॅलिफोर्नियासारख्या खासगी विद्यापीठांवर हे बंधन नाही. त्यांनी किती पगार दिला हे त्यांच्या करविवरणातून कळते, पण पुष्कळ उशिरा. करार हाती आल्यावर पगाराच्या आकड्यावर रेंगाळू नये. थेट समाप्तीच्या कलमाकडे जावे आणि तीन गोष्टी शोधाव्यात: उरलेल्या पगाराचा किती हिस्सा द्यावा लागेल, तो एकरकमी की हप्त्यांनी, आणि कोचने दुसरी नोकरी धरली तर त्या पगाराची वजावट होईल की नाही. या रकमेला तिकडे बायआउट म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे.

हिशेब करून पाहण्यासाठी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या जिंबो फिशर यांचे उदाहरण घ्यावे. फ्लोरिडा स्टेटला २०१३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या फिशर यांना ए अँड एमने २०१७ च्या अखेरीस दहा वर्षांच्या, साडेसात कोटी डॉलरच्या, पूर्ण हमी असलेल्या करारावर आणले. २०२० मध्ये संघाने दहापैकी नऊ सामने जिंकले तेव्हा विद्यापीठाने आनंदाच्या भरात तो करार २०३१ पर्यंत वाढवला. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांना काढले त्या वेळी त्यांच्या नावावर ४५ विजय आणि २५ पराभव होते, म्हणजे कामगिरी वाईट नव्हती, फक्त किमतीला साजेशी नव्हती. करारानुसार त्यांना ६० दिवसांत १ कोटी ९२ लाख डॉलर आणि त्यानंतर २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख डॉलर देणे आले. ७२ लाख गुणिले आठ वर्षे म्हणजे ५ कोटी ७६ लाख, त्यात पहिला हप्ता मिळवला की ७ कोटी ६८ लाख. वजावटीचे कलम नव्हते. फिशर यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम धरले असते तरी या रकमेतला एक डॉलरही कमी झाला नसता.

याच्या शेजारी पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन यांचा करार ठेवावा. त्यांचा संघ जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय बाद फेरीच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला होता. लागोपाठ तीन सामने हरल्यावर त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांना काढण्यात आले. बायआउट सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचा होता, पण त्यांच्या करारात नवी नोकरी शोधण्याचे बंधन आणि वजावट होती. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनिया टेकने त्यांना नेमले आणि पेन स्टेटची देणी तडजोडीने ९० लाखांवर आली. दोन विद्यापीठांच्या खर्चातला हा फरक मैदानावर पडलेला नाही, कलमाच्या दोन ओळींत पडलेला आहे. त्यामुळे ‘अमुक कोटी द्यावे लागणार’ असा मथळा दिसला की वजावट आहे का, हे पाहिल्याशिवाय तो आकडा खरा मानू नये.

‘कारणासह’ आणि ‘कारणाविना’ हे दोन शब्दप्रयोगही नीट तपासावेत. सामने हरणे हे करारातले ‘कारण’ नसते. गैरवर्तन, नियमभंग किंवा कर्तव्यातील कसूर ही कारणे असतात, आणि ती सिद्ध झाली तर विद्यापीठाला काहीच द्यावे लागत नाही. मिशिगन स्टेटने मेल टकर यांना सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर कारणासह बडतर्फ केले तेव्हा त्यांच्या करारातले सुमारे आठ कोटी डॉलर उरलेले होते. टकर यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. लुइझियाना स्टेटच्या, म्हणजे एलएसयूच्या, ब्रायन केली यांना २६ ऑक्टोबर २०२५ रोजी दूर करण्यात आले, आणि ही बडतर्फी कारणाविनाच होती व सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर आपल्याला देय आहेत, असे जाहीर करावे म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. विद्यापीठाने पुढे ते मान्य केले. बडतर्फीनंतरच्या काही आठवड्यांत विद्यापीठाच्या निवेदनात ‘कारण’ हा शब्द डोकावू लागला तर ती बहुधा घासाघीस असते, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

वार आणि महिना

वर आलेल्या तारखा दिनदर्शिकेत पाहिल्या तर फिशर, फ्रँकलिन आणि केली यांना काढले ते तिन्ही दिवस रविवार होते. सामने शनिवारी होतात, सोमवारी पुढच्या आठवड्याची तयारी सुरू होते, आणि त्यामुळे निर्णयासाठी मधला एकच दिवस उरतो. २०१३ मध्ये लेन किफिन यांना तर सदर्न कॅलिफोर्नियाने बाहेरगावच्या मोठ्या पराभवानंतर संघाचे विमान उतरल्यावर रविवारच्या पहाटे विमानतळावरच निरोप दिला होता. हे किफिन पुढे पुन्हा येणार आहेत.

पूर्वी हकालपट्ट्या प्रामुख्याने नोव्हेंबरच्या अखेरीस, नियमित हंगाम संपल्यावर होत असत. आता त्या ऑक्टोबरात सरकल्या आहेत, आणि त्यामागे अधीरतेइतकेच वेळापत्रकही आहे. शालेय खेळाडूंच्या प्रवेशपत्रांवर सह्या करण्याची पहिली मुदत २०१७ पासून डिसेंबरमध्ये येते. २०२५ मध्ये ती ३ डिसेंबरला सुरू झाली. त्यापाठोपाठ जानेवारीत खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची खिडकी उघडते. म्हणजे नवा कोच नोव्हेंबर संपण्यापूर्वी हाताशी नसेल, तर येणारे खेळाडू फिरतात आणि असलेले जातात. पैसे देऊन का होईना, लवकर मोकळे व्हावे असे विद्यापीठांना वाटते ते यामुळे. म्हणून सप्टेंबरअखेर संघ दोन-तीन अनपेक्षित सामने हरला असेल आणि क्रीडा संचालक ‘कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे’ असे निवेदन काढत असतील, तर पुढचे तीन रविवार बातम्यांवर नजर ठेवावी.

निर्णय नेमका कोणाचा

कागदोपत्री उत्तर सोपे आहे: क्रीडा संचालक शिफारस करतात, विद्यापीठाचे अध्यक्ष मान्यता देतात आणि विश्वस्त मंडळ करारावर शिक्कामोर्तब करते. प्रत्यक्षात बायआउटचा पैसा ज्यांच्या खिशातून यायचा ते मोठे देणगीदार आधी विचारले जातात, कारण जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात आणि त्यासाठी पहिल्या वर्षी ठरलेली मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलरची होती. क्रीडा विभागाच्या तिजोरीत जुन्या कोचसाठी सहजी पैसे उरत नाहीत. त्यामुळे ‘माहीतगार सूत्रां’च्या हवाल्याने येणाऱ्या बातम्यांत कोण नाराज आहे यापेक्षा कोण पैसे द्यायला तयार झाले आहे, हे शोधावे.

एलएसयूच्या प्रकरणात या सगळ्या उतरंडीच्या वर राज्यपालही दिसले. केली यांना काढल्यानंतर तीन दिवसांनी लुइझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री यांनी, पुढचा कोच क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी वुडवर्ड पदावर राहिले नाहीत. राज्यपालांच्या रागाला एक जुना संदर्भ होता: ए अँड एममध्ये असताना फिशर यांना मूळ करारावर आणणारे क्रीडा संचालकही वुडवर्डच होते. न्यायाने सांगायचे तर फिशर यांची २०२१ मधली मुदतवाढ वुडवर्ड तिथून गेल्यानंतरची आहे, आणि तिनेच तो करार खरा महाग केला. पण राजकारणात एवढा तपशील कोण पाहतो.

चाहत्यांचा दबावही केवळ गोंगाट समजू नये. टेनेसीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्रेग शियानो यांच्याशी प्राथमिक करारनामा केला होता. बातमी फुटताच विद्यार्थी, चाहते आणि राज्याचे आमदार उठले, त्याच दिवशी नेमणूक बारगळली आणि आठवडाभरात क्रीडा संचालकही दूर झाले. नेमणुकीची बातमी आणि प्रत्यक्ष नेमणूक यांत एक रात्र जाऊ द्यावी.

नव्या कोचच्या शोधाची बातमी

या नोकरीसाठी अर्ज मागवून मुलाखती घेण्याचा प्रकार नावापुरता असतो. शोध घेणाऱ्या व्यावसायिक संस्था आणि कोचांचे एजंट यांच्यात आधीच बोलणी झालेली असतात, आणि एजंट मोजके आहेत. फिशर आणि किफिन या दोघांचेही एजंट जिमी सेक्स्टन आहेत. त्यामुळे रिकाम्या जागेसाठी कुणाचे नाव छापून आले की ते कोणाच्या फायद्याचे आहे, हे आधी विचारावे. पेन स्टेटची जागा १२ ऑक्टोबर २०२५ ला रिकामी झाली; चार दिवसांत इंडियानाने आपले कोच कर्ट सिग्नेटी यांना आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा नवा करार दिला, आणि महिना संपायच्या आत पेन स्टेटचेच माजी खेळाडू असलेले मॅट रूल यांची नेब्रास्काने मुदत वाढवली. दोघांचीही नावे पेन स्टेटसाठी चर्चेत होती. एक जागा रिकामी झाली की पगार दुसऱ्याच गावात वाढतो.

एका नेमणुकीने साखळी सुरू होते, हेही गृहीत धरावे. अलाबामाचे निक सेबन १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाले. दोन दिवसांत वॉशिंग्टनचे केलन डीबोअर अलाबामाला गेले, ॲरिझोनाचे जेड फिश वॉशिंग्टनला, सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन ॲरिझोनाला, आणि सॅन होजे स्टेटला केन नियुमातालोलो आले, सारे जानेवारीतच. आपल्या विद्यापीठाचा कोच सुखात असला तरी साखळीत वरची कडी हलली की तो हलू शकतो. त्याने मध्येच सोडले तर विद्यापीठाला किती भरपाई मिळेल, हे त्याच्याच करारात असते. हा उलटा बायआउट शोधून ठेवावा. तो तुलनेने लहान असतो, आणि नवे विद्यापीठ तो बहुतेक वेळा हसत भरते.

उमेदवार चांगला आहे का, हे ठरवताना माझ्या मते गाजलेल्या नावापेक्षा त्याने आधी मुख्य कोच म्हणून काय केले ते पाहावे. सिग्नेटी हे त्याचे उत्तम उदाहरण. सेबन यांच्या हाताखाली काम केल्यावर ते मोठ्या संघाची वाट पाहत बसले नाहीत. पेनसिल्व्हेनियातले एक लहान विद्यापीठ, मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन अशा पायऱ्या चढले, आणि मुख्य कोच म्हणून त्यांचा एकही हंगाम पराभवांच्या बाजूने झुकला नव्हता. इंडियानाने २०२३ मध्ये आधीच्या कोचला १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन मोकळे केले आणि ६२ वर्षांच्या सिग्नेटींना आणले. त्यांनी जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू सोबत आणले, पहिल्याच हंगामात ११ सामने जिंकले, आणि जानेवारी २०२६ मध्ये एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अशी निवड दरवर्षी होत नाही. पण तिच्यातले सगळे पुरावे नेमणुकीच्या आधी उपलब्ध होते.

पुरावे तपासण्याचा कंटाळा किती महाग पडतो, हे नोत्र दामने २००१ मध्ये अनुभवले. जॉर्ज ओलिअरी यांच्या परिचयपत्रातील पदव्युत्तर पदवी आणि कॉलेजमधील खेळाची नोंद खोटी निघाली आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला.

शेवटचे काम नव्या कोचच्या स्वागताच्या दिवशी करावे, जेव्हा बाकी सगळे बँडच्या तालावर नाचत असतात. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी एलएसयूने ओल मिसचे, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचे, कोच लेन किफिन यांची निवड जाहीर केली. ओल मिस राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असल्याने किफिन यांना तिथेच थांबून ते सामने खेळवायचे होते, विद्यापीठाने नकार दिला आणि बचावाचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांना मुख्य कोच केले. किफिन यांचा करार सात वर्षांचा, वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलरचा आहे आणि कारणाविना काढल्यास उरलेल्या रकमेच्या ८० टक्के द्यायचे आहेत. कागदावर प्रत्येक डिसेंबरसमोर उरलेली वर्षे लिहावीत आणि गुणाकार करावा. दोन हंगामांनंतर पाच वर्षे, म्हणजे साडेसहा कोटी उरतात, आणि त्याचे ८० टक्के ५ कोटी २० लाख होतात: केली यांच्या बायआउटपेक्षा अवघे वीस लाख कमी.