आठाने का भागलं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी संशोधन-पेपर वाचायला माझ्याकडे तीन हायलायटर होते. व्याख्येला पिवळा, निकालाला हिरवा, शंकेला गुलाबी. गुलाबी जवळजवळ वापरलाच नाही. खरं तर तिथेच मला धोका कळायला हवा होता.

लॅबच्या जर्नल क्लबमध्ये, जिथे दर वेळी कोणीतरी एक पेपर समजावून सांगतं, माझ्या वाट्याला ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे आजच्या भाषा-मॉडेलांमागच्या रचनेचा, २०१७चा मूळ पेपर आला, ‘अटेन्शन इज ऑल यू नीड’. चार वेळा वाचला. सहा थर, आठ हेड, ५१२ मिती, इंग्रजी-जर्मन भाषांतराला २७.३ ब्लू स्कोअर (भाषांतराच्या दर्जाचा आकडा), सगळं तोंडपाठ. पाचव्या स्लाइडला मॅडमनी विचारलं, “डॉट प्रॉडक्टला आठाने का भागलंय?” डॉट प्रॉडक्ट म्हणजे आकड्यांच्या दोन याद्यांचे (व्हेक्टरचे) घटक जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज. मी म्हटलं, की व्हेक्टर ६४ मितींचा, त्याचं वर्गमूळ आठ. “ते दिसतंय गं. पण का?” मी गप्प. उत्तर माझ्याच प्रिंटआउटवर होतं, पिवळं करून ठेवलेलं: मिती वाढली की डॉट प्रॉडक्ट फार मोठे होतात, सॉफ्टमॅक्स (त्या आकड्यांचे बेरीज एक होणारे वाटे करणारं सूत्र) टोकाला जातं आणि मॉडेल ज्यांच्यावरून शिकतं ते ग्रेडियंट अगदी नगण्य उरतात.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तुम्हीही यात पडणार आहात. लग्नात भेटणाऱ्या दूरच्या मामांचा चेहरा ओळखीचा असतो, नाव मात्र ओठांवर येत नाही. पेपरचंही तसंच. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि डोकं सांगतं, ‘आलं की हे!’ आलेलं काहीच नसतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकाच बैठकीत वाचून तीनदा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. जर्नल क्लब पाच मिनिटांनी नसतो.

पेपर वाचायची एस. केशव यांची तीन फेऱ्यांची पद्धत आहे: आधी वरवर, मग नीट, मग बारकाईने. ती वापरा. बहुतेक पेपर पहिल्या दहा मिनिटांतच बाजूला ठेवायचे असतात, त्यात पाप नाही. पण जो पूर्ण वाचाल, तो मिटून कोऱ्या कागदावर उतरवा: प्रश्न काय, युक्ती काय, मुख्य आकृती, आणि एक ‘का’. दुसऱ्या दिवशी चहाआधी पुन्हा. माझे पहिले कागद लाजिरवाणे होते, दोन ओळी आणि एक अर्धवट चौकोन. तुमचेही तसेच असतील. चालतं.

पहिल्याच दिवशी साठ पीडीएफचं फोल्डर पाठवणारा सिनियर मदत करत नसतो, स्वतःचं ओझं उतरवत असतो. एका आकृतीवर तासभर तुमच्यासोबत बसणारा शोधा. आणि एआयकडून सारांश घ्यायचाच असेल तर स्वतःचा कागद लिहून झाल्यावर घ्या. आधी घेतलात की ‘ओळखीचं वाटणं’ फुकटात मिळतं, दुसरं काही नाही.

हो, तळटिपाही वाचा. आठाचं गणित तिथेच होतं: घटक स्वतंत्र, सरासरी शून्य, व्हेरियन्स (पसरटपणाचं माप, प्रमाण विचलनाचा वर्ग) एक धरला, तर ६४ गुणाकारांच्या बेरजेचा व्हेरियन्स ६४, म्हणजे प्रमाण विचलन आठ. आठाने भागलं की ते पुन्हा एकावर येतं. मी हे कागदावर मांडलं तेव्हा जर्नल क्लब होऊन आठवडा उलटला होता.