नाणं हलकं लागलं तर आधी काट्यावर टाका

राणीछाप रुपया (व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेला चांदीचा जुना रुपया) घेताना लोक चेहरा, साल सगळं बघतात पण वजन कोणी करत नाही. या कलदाराचं, म्हणजे याच चांदीच्या रुपयाचं, वजन 11.66 ग्रॅम, झिजून 11.4-11.5 झालं तर समजू शकतो, पण 10 च्या आसपास आलं तर सरळ परत द्या. मी एकदा बाजारात घाईत घेतला, घरी पॉइंट दोन डिजिटवाल्या काट्यावर 10.18 आलं, मग भिंगातून कड बघितली तर दातांच्या मधोमध बारीक शिवण, म्हणजे साच्यात ओतलेला माल! लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, पितळही चिकटत नाही.

आता चालू नाणी. जुना जाड 5 चा ठोकळा 9 ग्रॅमचा, 2007 नंतरचा 6 ग्रॅम, त्यामुळे हलकं म्हणजे एरर (टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं) असं नसतं, आधी सिरीज बघा.

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल तर वजन कमी भरणारच, पण तो टांकसाळीतला की कोणी घासलेला? बरोबर समोरच्या बाजूची कड बघा, तिथे काठ चपटा, विरलेला असेल तर बहुतेक खरा क्लिप, म्हणजे टांकसाळीतच तुकडा कमी राहिलेला, आणि कापलेल्या जागी कानशीचे ओरखडे दिसले तर कुणाचा तरी उद्योग. दुसरं म्हणजे आपलं नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागची बाजू सरळच दिसते, तिरकी आली तर डाय (छाप उमटवणारा ठसा) फिरलेला, असं नाणं एरर म्हणून जपून ठेवा. दोन धातूंच्या 10 च्या नाण्याच्या मधला भाग नसलेल्या रिंगा मात्र बऱ्याचदा कुणीतरी हातोडीने मधला भाग पाडलेल्याच.